अकरा वेळा लोकसभेत : इंद्रजित गुप्त यांची कारकीर्द

लोकसभेवर एकदा निवडून येणे हे पुष्कळदा लाटेचे काम असते. पूर आला की त्याबरोबर ओंडकेही काठाला लागतात. दुसऱ्यांदा निवडून येण्यास थोडीफार पुण्याई लागते. परंतु एकच माणूस चाळीस वर्षांच्या अवधीत अकरा वेळा निवडून येतो, त्याच्यामागे पैशाची थैली नसते, जवळजवळ सारा काळ तो विरोधी बाकावर बसलेला असतो, आणि तरीही लोक त्याला पुनःपुन्हा पाठवीत राहतात, असे जेव्हा घडते तेव्हा त्या गोष्टीचा शांतपणे विचार करणे अगत्याचे ठरते. भारताच्या लोकसभेवर सर्वांत अधिक वेळा निवडून जाण्याचा मान कै. इंद्रजित गुप्त यांच्याकडे जातो. १९६० च्या पोटनिवडणुकीत ते प्रथम सभागृहात गेले आणि २० फेब्रुवारी २००१ रोजी वारले तेव्हाही ते लोकसभेचे सभासद होते. मध्ये १९७७ ते १९८० हा एवढाच खंड पडला.

आम्ही कामगार संघटनेत काम करणारी माणसे. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून आणि नगर वाचनालयातून. कारखान्याच्या दारावर सभा घेताना आम्हांला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "भाऊ, दिल्लीत भाषणं ठोकून आमच्या पाकिटात काय पडतं?" प्रश्न रोखठोक आहे आणि त्याला उत्तरही तसेच दिले पाहिजे. इंद्रजितबाबूंच्या कारकिर्दीच्या आधाराने त्याचे उत्तर शोधावे, एवढाच या लेखाचा हेतू.

घराणे आणि गिरणी

गुप्तांचे घराणे सनदी अधिकाऱ्यांचे. आजोबा बिहारीलाल गुप्त हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील जुन्या पिढीचे अधिकारी. निवृत्तीनंतर ते सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानचे दिवाण झाले होते. थोरले बंधू रणजित गुप्त हेही त्याच नोकरीतले, आणि पुढे ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. १८ मार्च १९१९ रोजी जन्मलेल्या इंद्रजितची वाटही अशीच आखलेली होती. दिल्लीचे सेंट स्टीफन्स कॉलेज, त्यानंतर केंब्रिजचे किंग्ज कॉलेज, आणि मग साहेबाची खुर्ची. परंतु इंग्लंडात त्यांचा कम्युनिस्ट विचारांशी संबंध आला, आणि १९४० साली परतलेला हा तरुण कलेक्टर कचेरीकडे न वळता हुगळीच्या काठच्या ताग गिरण्यांकडे वळला.

आपल्याकडे गिरणगाव म्हटले की कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार डोळ्यांपुढे येतो. हुगळीच्या दोन्ही तीरांवरील ताग गिरण्यांचे चित्र फारसे वेगळे नव्हते. तेथील मजूर बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून आलेला. गावी थोडी जमीन, डोक्यावर कर्ज, आणि गिरणीत बदलीचे काम. १९४७ च्या फाळणीने त्यात आणखी एक घाव घातला. ताग पिकविणारा मोठा मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला आणि गिरण्या कलकत्त्याकडे राहिल्या. कच्चा माल एका देशात आणि माग दुसऱ्या देशात, अशा या धंद्यात मालकाने डोळे वटारले की पहिली कुऱ्हाड मजुरीवर पडायची.

मार्च १९४८ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली तेव्हा गुप्तांना भूमिगत व्हावे लागले. पुढे तुरुंगवासही घडला. १९५३ साली त्यांचे ताग उद्योगातील भांडवल आणि श्रम या विषयावरचे इंग्रजी पुस्तक आयटकने, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसने, प्रसिद्ध केले. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. लोकसभेत जाण्याच्या सात वर्षे आधी या माणसाने आपल्या धंद्याचा जमाखर्च मांडून ठेवला होता. सभागृहात नुसता आवाज चढवून काम भागत नाही, समोरच्या मंत्र्याजवळ आकडे असतात. त्याला आकड्यांनीच उत्तर द्यावे लागते.

एकट्या सभासदाची हत्यारे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विरोधी पक्षाचा एक सभासद पाचशेच्या वर माणसांच्या सभागृहात करू तरी काय शकतो? मते मोजली तर तो हरणारच. पण संसदेचे काम केवळ मते मोजण्याने चालत नाही.

पहिले हत्यार प्रश्नाचे. प्रश्नोत्तराच्या तासासाठी दररोज जास्तीत जास्त २० तारांकित प्रश्न यादीत घेतले जातात. त्यांची उत्तरे मंत्र्याने उभे राहून तोंडी द्यावयाची असतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. याखेरीज २३० पर्यंत अतारांकित प्रश्न घेतले जातात, त्यांना लेखी उत्तर मिळते. छापील उत्तर मंत्र्याच्या खात्याने तयार केलेले असते, पण पुरवणी प्रश्नाला उत्तर मंत्र्यानेच द्यावे लागते. ज्याने विषयाचा अभ्यास केला आहे त्याच्या एका पुरवणी प्रश्नाने खात्याची वर्षभराची झाकपाक उघडी पडते.

दुसरे हत्यार कपात सूचनेचे. अर्थसंकल्पातील एखाद्या मागणीतून १०० रुपये कमी करावेत, अशी सूचना सभासद मांडतो. शंभर रुपयांनी सरकार काही कंगाल होत नाही. परंतु त्या निमित्ताने ठराविक गाऱ्हाणे सभागृहापुढे मांडता येते. तिसरे हत्यार शुक्रवारच्या दुपारचे. आठवड्याच्या अखेरचे अडीच तास बिनसरकारी कामासाठी राखलेले असतात आणि साधा सभासद आपले विधेयक वा ठराव त्या वेळी मांडू शकतो. अशी विधेयके संमत होण्याचा योग दुर्मीळच. १९७० नंतर एकही झालेले नाही. पण ठरावाचे बी कधी कधी उशिरा उगवते.

याचा दाखला आपल्याच मातीतला आहे. रायगड जिल्ह्यातील गोरेगावचे ना. म. जोशी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमले गेले. त्याच वर्षी त्यांनी कामगार संघटनांची नोंदणी व्हावी आणि त्यांना संरक्षण मिळावे, असा ठराव मांडून तो संमत करून घेतला. कायदा कधी झाला? १९२६ साली. मध्ये पाच वर्षे गेली. जोशी पुढच्या वर्षी घरी बसले असते, तर पाठपुरावा कोणी केला असता? ते १९४७ पर्यंत तेथेच राहिले. १९२० साली मुंबईत स्थापन झालेल्या ज्या आयटकचे ते सरचिटणीस होते, त्याच आयटकचे सरचिटणीसपद १९८० ते १९९० या काळात इंद्रजित गुप्तांकडे होते. एका परंपरेचे हे दोन दुवे आहेत.

प्रश्नाच्या हत्याराला धार किती असते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. आमच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात भविष्य निर्वाह निधीचा वाटा कामगारांच्या पगारातून दरमहा कापला जाई, पण तो खात्यात भरला जात नसे. अर्जावर अर्ज केले, कोणी दाद दिली नाही. शेवटी एका खासदारांना गाठले. ते आमच्या विचारांचे नव्हते, तरी त्यांनी अतारांकित प्रश्न दिला. लेखी उत्तरात थकबाकी कबूल करणारी एक ओळ आली. भाषण नाही, घोषणा नाही, एक ओळ. पण ती सरकारची ओळ होती. ती घेऊन कामगार कचेरीत गेले तेव्हा "अशी नोंदच नाही" असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. पैसे मिळायला आणखी तीन वर्षे लागली, हेही सांगितले पाहिजे. दिल्लीतल्या प्रश्नाने पाकीट भरत नाही. ज्या कागदाने ते भरता येते तो कागद मात्र तेथून मिळू शकतो.

कायदे कोणाचे?

गुप्त लोकसभेत असतानाच्या काळात कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाचे कायदे झाले. १९६५ चा बोनसचा कायदा, १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा. ग्रॅच्युइटी म्हणजे पाच वर्षे नोकरी झालेल्यास दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. हे कायदे एका माणसाच्या नावावर मांडणे न्यायाचे होणार नाही. ग्रॅच्युइटीचा कायदा आधी केरळने आणि मग पश्चिम बंगालने केला, त्यानंतर केंद्राने केला. त्यामागे हजारो अनाम माणसांचे संप, उपास आणि तुरुंग होते. सभागृहातील प्रतिनिधीचे काम पाटकऱ्यासारखे असते. पाणी धरणाचे, पाऊस देवाचा. पण पाटाचे दार वेळेवर उघडणारा माणूस नसेल तर शेत कोरडेच राहते.

१९७७ चा पराभव

कोणाचीही कारकीर्द सांगताना पराभवाचे पान गाळू नये. १९७५ साली आणीबाणी आली. गुप्तांच्या पक्षाने, भारतीय कम्युनिस्ट पक्षाने, तिला पाठिंबा दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. ज्या कामगाराच्या नावाने पक्ष उभा, त्याचाच खिसा कापला गेला, आणि कापणाऱ्या सरकारच्या पाठीशी पक्ष उभा राहिलेला. संप करावा तर तुरुंग. १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी हिशेब चुकता केला. सतरा वर्षे लोकसभेत असलेले गुप्तही त्यात पडले. त्याच वर्षी नव्या सरकारने ८.३३ टक्के बोनस परत दिला.

या प्रसंगाचा बोध आम्हांला महत्त्वाचा वाटतो. दीर्घ कारकीर्द ही मतदारांनी दिलेली सनद नव्हे, ती दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावयाची परवानगी होय. इंद्रजितबाबूंचे नूतनीकरण एकदा नाकारले गेले. ते राजकारण सोडून गेले नाहीत, किंवा दुसऱ्या पक्षाचे दारही त्यांनी ठोठावले नाही. आपल्या जागी ते काम करीत राहिले. १९८० साली बशीरहाट मतदारसंघाने त्यांना पुन्हा पाठविले, १९८४ साली पुन्हा, आणि १९८९ पासून मिदनापूरने लागोपाठ पाच वेळा. यांत बंगालमधील डाव्या आघाडीच्या संघटनेचा वाटा मोठा होता, हेही प्रामाणिकपणे नोंदले पाहिजे. एकटा माणूस अकरा निवडणुका जिंकत नाही. मागे फळी लागते.

दोन खोल्यांतले गृहमंत्री

१९९६ साली देवेगौडांचे संयुक्त आघाडीचे सरकार आले. मार्क्सवादी पक्ष बाहेर राहिला, भारतीय कम्युनिस्ट पक्ष मात्र प्रथमच केंद्रीय मंत्रिमंडळात गेला आणि २९ जून १९९६ रोजी इंद्रजित गुप्त गृहमंत्री झाले. ज्याला पोलीस एके काळी शोधीत होते तोच आता देशाच्या पोलीस व्यवस्थेचा प्रमुख झाला. काळाचा हा न्याय मौजेचा खरा. पण आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की, मंत्री झाल्यावरही ते दिल्लीच्या वेस्टर्न कोर्टमधील आपल्या दोन खोल्यांतच राहिले, बंगल्यात गेले नाहीत. साधेपणाचे हल्ली प्रदर्शनही होते, म्हणून नुसत्या साधेपणावर आम्ही भुलणार नाही. त्यांच्या साधेपणाला अर्थ होता. ज्याला बंगला सोडण्याची भीती नाही, त्याला खुर्ची सोडण्याचीही भीती वाटत नाही, आणि मग त्याची जीभ मोकळी राहते.

ती मोकळी राहिली होती. १९९७ च्या सुरुवातीस उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट होती, म्हणजे तेथील कारभाराची जबाबदारी केंद्राकडेच येत होती. अशा वेळी गृहमंत्र्यांनी स्वतः लोकसभेत उभे राहून ते राज्य अराजकाकडे चालले आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. सरकारची पंचाईत झाली, सहकारी नाराज झाले. मंत्र्याने असे बोलावे की नाही यावर दोन मते होऊ शकतात. आम्हांलाही वाटते की, केवळ दुखणे सांगून मंत्र्याची सुटका होत नाही, औषधही त्यानेच द्यावयाचे असते. परंतु सभागृहापासून सत्य लपवायचे नाही, ही छत्तीस वर्षांची सवय मंत्रिपदाने मोडली नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते. मार्च १९९८ मध्ये ते पायउतार झाले आणि पुन्हा साधे सभासद म्हणून बाकावर जाऊन बसले. ज्येष्ठ सभासद म्हणून नव्या लोकसभेचे हंगामी सभापती होऊन नवनिर्वाचितांना शपथ देण्याचे काम १९९६, १९९८ आणि १९९९ या तिन्ही वेळा त्यांच्याकडे आले.

निवडणुकीचा पैसा

१९९८ साली वाजपेयींच्या सरकारने निवडणुकीचा खर्च सरकारने सोसावा काय, याचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद इंद्रजित गुप्तांना दिले. राजकीयदृष्ट्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सरकारने हे काम त्यांच्याकडे सोपवावे, यातच त्यांच्या शब्दाची किंमत दिसते. समितीचे म्हणणे थोडक्यात असे : मान्यताप्राप्त पक्षांना व त्यांच्या उमेदवारांना सरकारने मदत करावी, परंतु ती रोख रकमेने नव्हे, वस्तुरूपाने. इंधन, कागद, मतदार याद्या, ध्वनिक्षेपक अशा स्वरूपात ती द्यावी. त्यासाठी मतदारामागे १० रुपये धरून केंद्राने निधी उभारावा आणि राज्यांनी मिळून तितकीच भर घालावी.

तो अहवाल कपाटात राहिला. पुढे २०१८ साली निवडणूक रोख्यांची योजना आली. तीत देणाऱ्याचे नाव मतदाराला कळत नसे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. रोगाचे निदान मात्र १९९८ सालीच झाले होते. जो पैशावर निवडून येतो तो पैसेवाल्यालाच बांधील राहतो. ताग गिरणीच्या दारात उभे राहून निवडणुका लढविलेल्या माणसाला हे सांगायला पुस्तकाची गरज नव्हती.

आपला ताळा

मुंबईच्या कामगारांनीही आपली माणसे दिल्लीला पाठविली. १९५७ आणि १९६७ साली श्रीपाद अमृत डांगे गेले. १९६७ सालीच जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना हरविले. १९८२ च्या संपानंतर १९८४ साली डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले. हे विजय वादळासारखे होते, आणि वादळासारखेच ओसरले. फर्नांडिस पुढे बिहारमधून निवडून येऊ लागले, सामंतांना लोकसभेत एकच मुदत मिळाली. आम्ही या मोठ्या माणसांना कमी लेखीत नाही. परंतु वादळाने दार उघडते, घरात दिवा रोज लावावा लागतो. बंगालमध्येही आता तो दिवा विझला आहे. २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत तेथून डाव्या पक्षांचा एकही सभासद लोकसभेत गेला नाही.

याचा परिणाम काय होतो, ते एका दिवसाच्या कामकाजावरून दिसेल. २२ सप्टेंबर २०२० रोजी कामगारविषयक तीन संहिता लोकसभेने संमत केल्या आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने. आदल्या वर्षीची वेतन संहिता धरून एकंदर चार संहितांनी २९ जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा घ्यावयाची होती. शंभरांऐवजी तीनशे कामगारांपर्यंतच्या कारखान्यास सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून कामगार कमी करता येतील, अशी तरतूद त्यांत होती. त्या वेळी राज्यसभेतील आठ सभासदांच्या निलंबनावरून विरोधकांचा बहिष्कार चालू होता आणि त्यांचे बहुतेक बाक मोकळे होते. बहिष्कार योग्य की अयोग्य, या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांला एवढेच दिसते की, ज्या कायद्यांवर कोट्यवधी माणसांची भाकरी अवलंबून होती ते संमत होताना कलमामागून कलमाला उपप्रश्न विचारणारा जुना जाणता माणूस तेथे नव्हता.

तेव्हा कारखान्याच्या दारावर विचारलेल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. दिल्लीतल्या भाषणाने पाकिटात एक पैसाही थेट पडत नाही. परंतु पाकिटातून काय काढून घ्यायचे, हे दिल्लीतच ठरते, आणि ठरत असताना तेथे आपला कोणी बसलेला असावा लागतो. तो नियम जाणणारा असावा, आकडे पाठ असलेला असावा, आणि बंगल्यावाचून ज्याचे अडत नाही असा असावा. असा माणूस एका मुदतीत तयार होत नाही. त्याला पुन्हा पाठवावे लागते, आणि तो घसरला तर १९७७ सारखे घरीही बसवावे लागते. ही दोन्ही कामे मतदारांची.

व्याख्यान ऐकून घरी जाणाऱ्या नागरिकांना आमची एक साधी विनंती आहे. आपल्या खासदाराने गेल्या वर्षभरात कोणते प्रश्न विचारले, ते एकदा काढून वाचावेत. लोकसभेचे कामकाज छापले जाते, ते कोणालाही पाहता येते, त्याला वशिला लागत नाही. पुढच्या वेळी उमेदवार आपल्या ओटीवर हात जोडून उभा राहील, तेव्हा त्याला चहा जरूर द्यावा, आणि त्या प्रश्नांची यादी त्याच्यापुढे ठेवावी.